महाविद्यालयाच्या आवारातील पाणी

सन २०१६ च्या पहिल्या चार महिन्यांत महाराष्ट्राने पाण्याच्या दोन बातम्या वाचल्या. १ फेब्रुवारीस पुण्याच्या एका महाविद्यालयाची सहल मुरूडच्या किनाऱ्यावर गेली आणि तिच्यातील चौदा तरुण विद्यार्थी-विद्यार्थिनी समुद्रात बुडून मरण पावले. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी, एप्रिलमध्ये, मिरजेहून पाण्याने भरलेली आगगाडी लातूरला गेली. पहिल्या गाडीने सुमारे पाच लाख लिटर पाणी नेले. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुटली, तिच्यात सुमारे पंचवीस लाख लिटर पाणी होते. एका बातमीत पाणी फार होते आणि ते ओळखण्याचे शिक्षण नव्हते. दुसऱ्या बातमीत पाणीच नव्हते. महाविद्यालयांनी आपल्या आवारात पोहण्याचे तलाव बांधावेत की नाही, या प्रश्नाचा विचार करताना या दोन्ही बातम्या डोळ्यांपुढे ठेवल्याखेरीज गत्यंतर नाही, असे आम्हांस वाटते. तलावाचा पुरस्कार करणारे केवळ पहिली बातमी सांगतात, विरोध करणारे केवळ दुसरी. सत्य हे की दोन्ही एकाच राज्यातील आणि एकाच वर्षातील आहेत.

अलीकडे अनेक शिक्षणसंस्थांचे चालक पोहण्याच्या तलावाचा, आणि पैसा जमल्यास सूर मारण्यासाठी मनोरा असलेल्या खोल कुंडाचा, संकल्प बोलून दाखवितात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० साली अभ्यास आणि अभ्यासेतर उपक्रम यांमधील भिंत पाडण्याचा उपदेश केला. त्यामुळे या संकल्पांस धोरणाचा आधारही मिळाला आहे. अशा संकल्पास 'चैन' म्हणून झिडकारणारे पुष्कळ आहेत. ज्या महाविद्यालयात ग्रंथालयाचे छप्पर गळते, प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या पुरत नाहीत आणि निम्मे प्राध्यापक तासिकेवर राबतात, तेथे तलाव कशाला, हा त्यांचा प्रश्न. प्रश्न रास्त आहे आणि त्यास उत्तर देण्याचे टाळून कोनशिला बसविणाऱ्यांविषयी आम्हांस मुळीच आस्था नाही. परंतु या प्रश्नास उत्तर आहे, आणि ते तलावाच्या बाजूचे आहे, हे आमचे मत आम्ही आरंभीच सांगून टाकतो. मात्र हा होकार अटींवाचून दिलेला नाही, हेही वाचकांनी लक्षात घ्यावे.

पूर्वी महाराष्ट्रातील मुलास पोहण्यास शिकविण्यासाठी कोणी तलाव बांधीत नसे. गावाला विहीर असे, नदीला डोह असे; पाठीला सुका भोपळा बांधून थोरला भाऊ किंवा मामा धाकट्यास पाण्यात ढकलून देई आणि चार-आठ दिवसांत भोपळा सुटून जाई. विहिरीच्या काठावरून मुटका मारणे, उंचावरून सूर मारणे ही त्या वयाची सहज करमणूक होती. या शिक्षणास शुल्क नव्हते. परंतु ते सर्वांस खुले होते, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. ज्या समाजाने आपल्याच माणसांना पाणवठ्यावर येऊ दिले नाही आणि ज्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले, त्या समाजाच्या विहिरीत कोणाची मुले पोहत होती आणि कोणाची काठापासून दूर उभी होती, हे आपणांस ठाऊक आहे. मुलींचा तर तेथे विचारच नव्हता. इकडे मुंबईत गोऱ्या साहेबाने ब्रीच कँडीचा तलाव केवळ युरोपियनांसाठी राखून ठेवला, याचा आम्हांस राग आला; तो यावयासच हवा होता. पण गावोगावच्या पाणवठ्यांवर आपण तेच करीत होतो, हे विसरून चालणार नाही.

आता तर ती विहीरही गेली. शहरातील जुन्या विहिरी बुजल्या किंवा कचऱ्याने भरल्या. शहरांमधून वाहणाऱ्या नद्यांच्या पाण्यात आज कोणी शहाणा माणूस आपले मूल उतरविणार नाही. उरले काय? पैसेवाल्यांसाठी जिमखाने, बंदिस्त वसाहतींमधील निळ्या फरशीचे तलाव आणि गरिबांच्या मुलांसाठी शहराच्या कडेला दगडखाणींमध्ये साचलेली डबकी. उन्हाळ्याच्या सुटीत या डबक्यांमधून मुलांची प्रेते काढल्याच्या बातम्या आम्ही दर वर्षी छापतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद कार्यालयाच्या अलीकडील आकड्यांप्रमाणे या देशात दर वर्षी तीस हजारांहून अधिक माणसे बुडून मरतात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२१ साली २५ जुलै हा दिवस बुडण्याच्या प्रतिबंधासाठी नेमून दिला. दिवस नेमून मुले पोहावयास लागत नाहीत. त्यासाठी त्यांना पाण्यात उतरवावे लागते, आणि उतरविण्याजोगे स्वच्छ, मोजक्या खोलीचे, देखरेखीखालचे पाणी कोठेतरी असावे लागते.

येथे एक खाजगी आठवण सांगितल्यास वाचक क्षमा करतील. संपादकाच्या खुर्चीवर येण्यापूर्वी आम्ही काही वर्षे शाळेत शिकवीत होतो. मे महिन्याची सुटी संपवून जूनमध्ये शाळा उघडली, आणि नव्या वर्गाची हजेरी घेताना एका नावास 'हजर' असे उत्तर आले नाही. दुसऱ्यांदा नाव घेतले तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगा उठून म्हणाला, "सर, तो सुटीत खाणीत बुडाला." ते नाव हजेरीपटावरून कमी करण्याचे काम आमच्याच हाताने झाले. त्या मुलास आम्ही व्याकरण शिकविले होते, पाठांतर घेतले होते, एकदा शुद्धलेखनासाठी उभेही केले होते. पाण्यात पडल्यास पहिल्या अर्ध्या मिनिटात काय करावे, हे त्यास कोणीही, आम्हीही, सांगितले नव्हते. ज्या शिक्षणाने जीव वाचला असता ते आमच्या वेळापत्रकातच नव्हते. तेव्हापासून पोहण्यास 'अभ्यासेतर' म्हणणे आम्हांस जड जाते.

अमेरिकेतील कोलंबिया, कॉर्नेल आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी यांसारख्या नामांकित विद्यापीठांत पदवीपूर्वी पोहण्याची परीक्षा देण्याची प्रथा दीर्घकाळ चालत आलेली आहे. तत्त्वज्ञान किंवा भौतिकशास्त्र शिकलेल्या तरुणाने आपला देह पाण्यावर तरंगता ठेवू शकला पाहिजे, ही अपेक्षा तेथे कोणास हास्यास्पद वाटली नाही. आमच्याकडे पदवीधर होण्यासाठी काय काय लागते, याची यादी मोठी आहे; पण तीत असे एकही कलम नाही, की जे न येणाऱ्या माणसास निसर्ग एका क्षणात नापास करतो.

महाविद्यालयाचा तलाव कोणत्या पायरीपर्यंत जाऊ शकतो, याचे उदाहरण इंडियाना विद्यापीठाचे आहे. डॉ. जेम्स कौन्सिलमन हे तेथे १९५७ पासून पोहण्याचे शिक्षक होते. त्यांनी तलावास प्रयोगशाळा मानले. पाण्याखाली चित्रफिती घेऊन हाताचा प्रत्येक फटकारा तपासला आणि १९६८ साली पोहण्याच्या शास्त्रावर ग्रंथ लिहिला. १९६८ ते १९७३ अशी सलग सहा वर्षे त्यांच्या विद्यार्थ्यांनी राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतेपद मिळविले आणि त्यांचाच विद्यार्थी मार्क स्पिट्झ याने १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये सात सुवर्णपदके जिंकली. पण आम्हांस त्याहून अधिक मोलाची वाटते ती गोष्ट अशी की १९७९ साली वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कौन्सिलमन स्वतः इंग्लिश खाडी पोहून गेले. शिकविणाऱ्याने स्वतः पाण्यात उतरले पाहिजे, हा धडा आमच्या क्रीडासंचालकांनी गिरविण्यासारखा आहे.

आपल्याकडे गुण नाहीत काय? १९५१ साली नवी दिल्लीत भरलेल्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धांत भारताने पाण्यातील चार सुवर्णपदके घेतली. शंभर मीटरच्या शर्यतीत सचिन नाग, सूर मारण्याच्या दोन प्रकारांत के. पी. ठक्कर आणि वॉटरपोलोत आपला संघ विजयी झाला. त्यानंतर २०२३ च्या हांगझौ स्पर्धांपर्यंत पोहण्याच्या शर्यतीचे दुसरे सुवर्ण आपणांस मिळालेले नाही. कोल्हापूरचा वीरधवल खाडे सोळाव्या वर्षी २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला गेला आणि २०१० साली ग्वांगझौ येथे त्याने कांस्यपदक मिळविले. खजानसिंगांच्या १९८६ च्या रौप्यपदकानंतर चोवीस वर्षांनी आशियाई स्पर्धेत पोहण्याचे पदक भारतास मिळाले. परंतु त्यास तयारीसाठी बंगळुरास जावे लागले. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जखमी होऊन अपंग झाले, उपचार म्हणून पोहण्यास लागले आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथे पॅरालिंपिकचे सुवर्णपदक घेऊन आले. घायाळ शरीरास जे पाणी पुन्हा उभे करते, ते सुदृढ तरुणांस काय देणार नाही?

तथापि पदकांसाठी तलाव बांधा, असे आम्ही म्हणत नाही. पदक हे हजारांत एकाचे, पोहणे हजारांचे. पुण्याजवळ बालेवाडी येथे १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी भव्य संकुल उभे राहिले, त्यात पोहण्याचे आणि सूर मारण्याचे तलाव झाले. स्पर्धांसाठी अशी संकुले हवीतच. पण शहराच्या दुसऱ्या टोकास राहून, सकाळी शिकवणी आणि दुपारी नोकरी करणारा विद्यार्थी तेथे रोज जाऊ शकत नाही. त्याच्या वर्गाच्या खिडकीतून जे पाणी दिसेल तेच त्याचे. महाविद्यालयाच्या तलावाचे खरे समर्थन या जवळिकीत आहे.

आता दुसऱ्या बातमीकडे, म्हणजे लातूरच्या गाडीकडे, वळू. पन्नास मीटर लांब, पंचवीस मीटर रुंद आणि दोन मीटर खोल अशा ऑलिंपिक आकाराच्या तलावात पंचवीस लाख लिटर पाणी मावते. हा आकडा वाचकांनी वर वाचला आहे. लातूरला गेलेल्या पन्नास वाघिणींच्या गाडीचे सारे पाणी अशा एका तलावात गेले असते. त्याच एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महिनाअखेरीनंतरचे आयपीएलचे क्रिकेट सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्याचा आदेश दिला, आणि मैदानावर शिंपडण्याचे पाणी आणि माणसाने पिण्याचे पाणी यांतील अग्रक्रम ठरवून दिला. तो अग्रक्रम आमच्या मते निर्विवाद आहे. तहानलेल्या शहरात तलाव भरणे हे पाप आहे. त्यास खेळाचे नाव दिल्याने ते धुतले जात नाही.

परंतु हिशेब करावयाचा तर पुरता करावा. पंचवीस मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी सुमारे दीड मीटर खोल तलावास पाच लाख लिटरहूनही थोडे कमी पाणी लागते. म्हणजे मोठ्या तलावाच्या पाचव्या हिश्श्याहून कमी. शिकावयास तो पुरेसा आहे. शिवाय चांगल्या तलावाचे पाणी रोज ओतून देत नाहीत. ते गाळणीतून फिरवितात, त्यात क्लोरीन घालतात आणि तेच पाणी दीर्घकाळ वापरतात. खरा खर्च होतो तो वाफेचा आणि गाळण्या धुण्याचा. उन्हाळ्यात दिवसाकाठी एक सेंटिमीटर पाणी वाफ होऊन जाते असे धरले, तर मोठ्या तलावातून रोज साडेबारा हजार लिटर आणि लहान तलावातून सुमारे तीन हजार लिटर उडून जाईल. माणशी रोज १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचे सर्वमान्य प्रमाण धरल्यास पहिला आकडा ब्याण्णव माणसांचा, दुसरा तेवीस माणसांचा आहे. रात्री तलावावर आच्छादन घातले, वर छप्पर केले आणि त्या छपरावरचे पावसाचे पाणी टाकीत साठविले, तर हा तोटा आणखी घटेल. तेव्हा 'पाणी नाही' हे उत्तर अपुरे आहे, तसेच 'पाण्याचे पाहू पुढे' हे उत्तरही बेजबाबदार आहे. किती पाणी, कोठून, दुष्काळात काय करणार, हे आधी लिहून द्यावे आणि मग कुदळ मारावी.

सूर मारण्याच्या कुंडाचा विचार येथे वेगळा केला पाहिजे, कारण भपक्याचा मोह याच ठिकाणी सर्वांत अधिक असतो. दहा मीटर उंचीचा मनोरा दुरून दिसतो, माहितीपत्रकावर शोभतो आणि देणगीदाराचे नाव त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिता येते. पण त्या उंचीवरून निघालेला देह पाण्यास लागतो तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे पन्नास किलोमीटर असतो. म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांनी त्या मनोऱ्याखाली पाच मीटर, तीन मीटरच्या लवचिक फळीखाली सुमारे पावणेचार मीटर आणि एक मीटरच्या फळीखालीदेखील सुमारे साडेतीन मीटर खोल पाणी योग्य मानले आहे. दीड मीटरच्या तलावात कडेवरून डोके खाली करून उडी घेणारा तरुण मान मोडून घेतो आणि जन्मभर अंथरुणास खिळतो. आमची जुनी विहीर निदान खोल तरी होती. ज्या तलावास ही खोली देता येणार नाही, तेथे फळी बसवूच नये आणि 'सूर मारण्यास मनाई' हे केवळ पाटीवर न लिहिता देखरेखीने पाळावे. ज्यांस खोल कुंड परवडेल त्यांनी एक आणि तीन मीटरच्या फळ्यांनी आरंभ करावा. मनोरा शिकविणारा आधी मिळवावा, मनोरा मागून बांधावा.

हे सर्व सांगूनही सूर मारण्याच्या शिक्षणाविषयी आम्हांस विशेष ममत्व आहे, हे कबूल करतो. वर्गात शेजाऱ्याच्या वहीकडे पाहून उत्तर लिहिता येते, तोंडी परीक्षेत गप्प राहूनही निभावते. तीन मीटरच्या फळीच्या टोकाशी उभ्या राहिलेल्या मुलाजवळ मात्र कोणी नसते. मागे फिरावे की पुढे झेपावे, हे त्याचे त्यास ठरवावे लागते. आणि झेपावल्यावर हात, मान, पाय सर्व ठिकाणच्या ठिकाणी ठेवावे लागतात. धैर्य आणि शिस्त या दोन गुणांवर आम्ही व्याख्याने पुष्कळ देतो. ते दोन्ही एकाच सेकंदात शिकविणारी जागा याहून चांगली आम्हांस ठाऊक नाही. आणि जो मुलगा मागे फिरून शिडीने खाली उतरतो, त्यास न हसणे हे काठावर उभ्या असलेल्यांचे शिक्षण आहे.

आता आमच्या अटी. पहिली अशी की तलाव हा विद्यापीठाच्या संघातील दहा-वीस जलतरणपटूंचा किंवा सकाळी फेरफटक्यास येणाऱ्या सभासदांचा न राहता, प्रवेश घेतलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याचा असावा. पहिल्या वर्षी प्रत्येकाने पाण्यावर स्थिर तरंगणे आणि तलावाची एक लांबी पोहून जाणे एवढे तरी शिकावे. वैद्यकीय कारण असेल त्यास अर्थातच सूट. समुद्र म्हणजे तलाव नव्हे, आणि तलावात शिकलेल्याने लाटांशी खेळू नये, हेही त्याच वर्गात शिकवावे. मुरूडची आठवण ठेवावयाची ती अशी.

दुसरी अट मुलींविषयी आहे. आरती साहा १९५९ साली इंग्लिश खाडी पोहून गेल्या, आशियातील तसे करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. तरी आज आमच्या सुशिक्षित घरांतील कित्येक मुली पाण्यात पाय घालत नाहीत. कारण तलाव नसणे एवढेच नव्हे. तेथे बंद दाराच्या खोल्या नसतात, स्त्री-शिक्षिका नसते, पोशाखावर शेरे मारणारे मात्र असतात. स्त्री-शिक्षिका, सुरक्षित खोल्या, सोयीचे तास आणि अंग झाकणाऱ्या पोशाखास मुभा, या चार गोष्टी आराखड्यात प्रथमपासून असाव्यात. मागाहून त्या होत नाहीत, हा आमचा अनुभव आहे.

तिसरी अट पैशाची. तलाव बांधणे सोपे, चालविणे कठीण. देणगीदार भिंतीस पैसे देतो. क्लोरीनला, पंपाच्या विजेला आणि जीवरक्षकाच्या पगाराला कोणी देणगी देत नाही. थाटाने उद्घाटन झालेले आणि पुढे कोरडे पडलेले तलाव, त्यांच्या तळाशी साचलेली पाने आणि प्रवेशद्वारास लागलेले कुलूप, हे दृश्य वाचकांस अपरिचित नाही. दहा वर्षांच्या चालू खर्चाची तरतूद दाखविल्याखेरीज बांधकामास हात घालू नये. आणि खर्च भागत नाही म्हणून तलाव कंत्राटदाराच्या स्वाधीन करून विद्यार्थ्यांकडूनच तासाचे भाडे उकळणे, हा तर विश्वासघात होय.

चौथी आणि शेवटची अट शेजाऱ्यांची. महाविद्यालयास मिळालेली जागा बहुधा समाजाच्या उदारपणाने मिळालेली असते. सुटीच्या दिवसांत, निदान आठवड्यातून काही तास, जवळच्या नगरपालिकेच्या शाळेतील मुलांस तो तलाव विनामूल्य उघडा असावा. खाणीच्या डबक्याकडे जाणारी मुले ती हीच. त्यांच्यासाठी दार बंद ठेवून आत निळे पाणी चमकविणे म्हणजे पाणवठ्याचा तो जुना नियम नव्या फरशीवर पुन्हा लिहिणे होय.

या चार अटी मान्य करणाऱ्या संस्थेने तलाव खुशाल बांधावा. आम्ही तिच्या पाठीशी आहोत, आणि वर्गणीची यादी निघाली तर आमचे नाव तीत असेल. ज्यांस त्या जाचक वाटतात त्यांनी तोच पैसा ग्रंथालयाच्या छपरावर घालावा. तेही पुण्यकर्मच आहे. मात्र काही न करण्यासाठी दुष्काळाचे निमित्त पुढे करणाऱ्यांस आणि विद्यार्थी बुडाले की शोकसभा भरवून मोकळे होणाऱ्यांस आमचा एकच प्रश्न आहे. येत्या जूनमध्ये हजेरी घेताना एखाद्या नावास उत्तर आले नाही, तर ते नाव पटावरून कमी करताना तुम्ही स्वतःस काय सांगणार?